‘मेंढवाट’चा सहावा भाग

सिंधुबाईंनी ताटातला पेढा उचलला, कपाळाला लावला आणि होता तिथं परत ठेवून दिला.

बैठकीत सात-आठ माणसं होती. सुपारी फुटली होती, साखरपुडा येत्या रविवारचा धरला होता आणि जो तो पेढा तोंडात टाकून मोकळा झाला होता. म्हातारीचं हे परत ठेवणं एरवी कुणाच्या ध्यानात आलं नसतं. पण नवऱ्या मुलाची आई, मोरगावच्या द्वारकाबाई, आल्यापासून डोळ्यांत तेल घालून सगळं बघत होत्या.

“आजी, पेढा घेतला न्हाई तुमी,” त्या म्हणाल्या.

“नेम हाय माजा. गोड चालत न्हाई.”

“कवापासनं?”

“साडेतीन वरसं झाली. पोथीची समाप्ती हुईस्तवर.”

द्वारकाबाईंनी आदरानं मान हलवली. पोथीच्या नेमाला कोण कशाला नाव ठेवील? “कंची पोथी लावलीया?” त्यांनी आपलं सहज विचारलं.

त्याबरोबर लासुर्ण्याच्या झाडून सगळ्या माणसांनी भिंतीकडेला बसलेल्या रावजींकडं बघितलं. रावजींच्या तोंडात पेढा होता. तो त्यांना गिळवेना.

रावजी गावचे रिटायर पोस्टमन. तीस वर्षं त्यांनी वस्त्यावस्त्यांवर सायकल हाणली होती. नुसतं पत्र देऊन भागत नसे; ते वाचून दाखवायचं, ऐकणारी रडली तर थांबायचं, मग तिच्यातर्फे उत्तर लिहायचं, अशी सगळी कामं त्यांनी बिनबोभाट केली होती. त्यामुळं आवाज तयार झाला होता. दर श्रावणात सिंधुबाईंच्या ओसरीवर ते पोथी लावत आणि वस्तीवरच्या दहा-बारा बाया हातातली कामं घेऊन ऐकायला बसत. ब्याण्णव सालच्या श्रावणात पोथी संपली, प्रसाद वाटून झाला आणि बायांना दुपार खायला उठली. त्याच आठवड्यात रावजींना बारामतीच्या एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर ‘मेंढवाट, भाग पहिला’ सापडला.

मोरगावकडच्या जिरायती मुलखातलं एक मेंढक्याचं घर दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरतं आणि पावसाच्या तोंडाला परत येतं, एवढीच गोष्ट. पण सिंधुबाई त्याच वाटेवर जन्मल्या होत्या. लग्न होऊन त्या लासुर्ण्याला आल्या आणि थोड्या वर्षांत सासरच्यांनी मेंढरं विकून कालव्याच्या पाण्यावर ऊस लावला. तेव्हापासून कोकण नाही की वाट नाही. रावजींनी पहिलं पान वाचलं तेव्हा त्या वळत होत्या ती वात हातात तशीच राहिली.

“हे त्याला कुणी सांगितलं?” त्या म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रावजी आले तर चौरंगावर पुस्तक, पुस्तकावर हळदकुंकू, आणि सिंधुबाई अंघोळ करून बसलेल्या. समाप्तीपर्यंत गोड तोंडात घालायचं नाही असा नेम त्यांनी सकाळीच धरला होता. आता, कादंबरी निराळी आणि पोथी निराळी हे रावजींना कळत नव्हतं असं नाही. तिथल्या तिथं सांगून टाकलं असतं तर विषय मिटला असता. पण पोथीच्या वाचणाऱ्याला जो मान असतो तो कादंबरीच्या वाचणाऱ्याला नसतो. तो रावजींना सोडवेना. ते गप्प राहिले.

लासुर्ण्यात गोड सोडणं म्हणजे काय, हे तिथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. चारी बाजूंना ऊस, घरात कारखान्याच्या शेअरची साखर, आणि चहा असा की पाहुण्याची इज्जत त्याच्या गोडीवर ठरायची. सिंधुबाई बिनसाखरेचा काळा चहा प्यायच्या. होळीला पुरण वाटायला बसायच्या आणि आपण कोरडी पोळी खायच्या. पहिल्या सहा महिन्यांत पाच भाग झाले तोवर कुणाला काही वाटलं नाही. त्र्याण्णवच्या शिवरात्रीला पाचवा भाग मिटला. परतीच्या वाटेवर वळवाच्या पावसानं नीरा चढली होती, गोष्टीतल्या मेंढक्याच्या घरातल्या ठकूचा दहा वर्षांचा पोरगा बिरा चुकलेल्या मेंढीमागं पाण्यापलीकडं गेला होता, बाकीचा वाडा, म्हणजे बरोबरच्या मेंढक्यांचा तांडा, पुढं निघून गेला होता आणि ठकू एकटी कळप घेऊन काठाला उभी होती. पुस्तकाच्या पाठीवर छापलेलं होतं, ‘सहावा भाग लवकरच.’

ते लवकर आजवर उजाडलं नव्हतं.

रावजींनी पुण्याच्या प्रकाशकाला तीन कार्डं टाकली. तिन्ही परत आली, ‘या पत्त्यावर कोणी नाही’ असा शेरा घेऊन. हा शेरा कधी खरा असतो आणि कधी उन्हाच्या कंटाळ्यानं मारलेला असतो, हे रावजींइतकं कुणाला कळणार? तिसऱ्या खेपेला त्यांना तो खरा वाटला. गाडेवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, “काका, खप थांबला की गोष्ट थांबती. मालिकेचं असंच असतं.” सिंधुबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या लेखकावरच घसरल्या होत्या. “अर्धी घोंगडी इणून कुणी बाजारात नेली असती तर लोकांनी तिचंच पांघरूण घालून बडवला असता त्याला,” त्या म्हणाल्या. रावजींना ते मनापासून पटलं. पाच भाग वाचायला लावायचे आणि माणसाला नदीच्या काठावर सोडून द्यायचं, याला काही रीतभात आहे की नाही?

पण आज प्रश्न रीतीचाच आला होता.

“आमच्यात एक हाय,” द्वारकाबाई सांगत होत्या. आवाज चढवला नव्हता, आणि त्यामुळंच सगळे जास्त लक्ष देऊन ऐकत होते. “साखरपुड्याची पयली साखर पोरीकडच्या थोरल्या मानसाच्या तोंडात पडती. मंग बाकीच्यांच्या. तुमच्या घरात थोरल्या तुमीच. तितं तुमीच तोंड मिटलं तर आमची चार माणसं काय म्हनतील?”

“आये,” सिंधुबाईंचा मुलगा आप्पा म्हणाला, “गोष्टीचं पुस्तक हाय ते. चिमूटभर साखरंनं काय हुतंय?”

“नातीच्या कामात नेम मोडू व्हय?” सिंधुबाईंनी विचारलं. “उद्या तिच्या संसाराला काय झालं तर कुणाच्या नावानं बोटं मोडाल?”

नेम मोडून खाल्लेली साखर द्वारकाबाईंनासुद्धा नको होती. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “रविवारपत्तूर बघा काय हुतंय. न्हाईतर फुडं बघू.”

पुढं बघू म्हणजे काय हे घरातल्या पोरासोरांनाही कळत होतं. सुकन्याचं हे तिसरं स्थळ, आणि तिला स्वतःला पसंत पडलेलं पहिलं. चहाचे कप उचलायला ती आली तेव्हा रावजींचा कप तिनं सगळ्यांत शेवटी उचलला. बोलली काही नाही. रावजींना वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, पाचवा भाग पिशवीत घालून रावजींनी पहिल्या एसटीनं इंदापूर गाठलं. पुस्तकाच्या सुरुवातीला मनोगताखाली ‘झुंबर नाना देवकाते, इंदापूर’ एवढंच होतं. एवढ्यावर माणूस शोधायचा म्हणजे दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. रावजी सरळ पोस्टात गेले. डाक फोडून वाटणीला बसायची वेळ होती. चार पोस्टमन जमिनीवर बसून पत्रं लावत होते. रावजींनी आपली ओळख दिली, खाली बसले आणि नाव सांगितलं.

“जनावरांच्या दवाखान्यातलं झुंबरनाना,” त्यांतला एक हात न थांबवता म्हणाला. “दर एकला पेन्शनची मनीऑर्डर असायची, आता बँकेत जाती. निमगावच्या रस्त्याला, दोन लिंबं असलेलं घर.”

नाना अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. सत्तरीचे, बारीक अंगाचे. नोकरीतली सगळी वर्षं मेंढरांना लस टोचत धनगरांच्या वाड्यांमागं फिरलेले. रावजींनी पुस्तक बाहेर काढलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. आत बायकोला हाक मारून म्हणाले, “कुशा, चहा टाक. वाचणारा आलाय.”

रावजी भांडायच्या तयारीनं आले होते. एसटीत त्यांनी वाक्यंसुद्धा जुळवली होती. “सहाव्या भागाचं काय झालं?” त्यांनी विचारलं. “लिहून झाला असंल तर हातानं लिहिलेला द्या. न्हाईतर तोंडी सांगा. माणसं तीन वर्षं खोळंबल्यात.”

“सहावा भाग कुठला?” नाना म्हणाले. “ते त्या प्रकाशकानं माझ्या परस्पर छापलं. म्हणाला, खपलं तर लिहा. मी म्हटलं, लिहायला शिल्लक काय आहे? गोष्ट संपली.”

“संपली कशी? ठकू काठाला उभी हाय. पाणी चढतंय.”

“शेवटच्या परिच्छेदात उतरलं की.”

रावजींना काही उमगेना. नानांनी पुस्तक घेतलं, शेवट उघडला, ‘पाणी चढतच होतं’ या ओळीवर बोट ठेवलं आणि पान उलटलं. मागच्या बाजूला, पानाच्या वरच्या अंगाला, सात-आठ ओळी होत्या आणि त्यांखाली एकच शब्द. बाकी पान कोरं.

रावजींनी त्या ओळींवर तळहात ठेवला.

“वाचू नका,” ते म्हणाले. “मीबी वाचत न्हाई.”

पोथीचा एक शिरस्ता लासुर्ण्यात पूर्वापार चालत आलेला. अध्याय मिटताना त्यातली शेवटची ओवी वाचायची नाही, राखून ठेवायची. दुसऱ्या दिवशी तिथून सुरुवात करायची, म्हणजे वाचन तुटत नाही. रावजींच्या वडिलांनी हे पाळलं, रावजींनी पाळलं. ‘मेंढवाट’ चौरंगावर बसल्यावर तिलाही तोच नियम लागू झाला. प्रत्येक भागाचा शेवटचा परिच्छेद राखायचा आणि पुढचा भाग आणला की आधी तो वाचायचा. ऐकणाऱ्यांच्या आधी वाचणाऱ्यानं पुढचं चोरून बघायचं नाही, हा दुसरा नियम. नैवेद्य उष्टा केल्यासारखं होतं ते. म्हणून पाचव्या भागाचा शेवटचा परिच्छेद तीन वर्षं पानाच्या मागं पडून होता, आणि तिकडं रावजी लेखकाला लाखोली वाहत होते.

हे सगळं त्यांनी नानांना सांगितलं. सिंधुबाईंचा काळा चहा सांगितला, रविवार सांगितला. सांगताना त्यांची मान वर होईना. नानांनी मध्येच चहाचा कप खाली ठेवला.

“साडेतीन वर्षं?” नाना म्हणाले.

“व्हय.”

“पाची भाग वाचलेली माणसं मला आजवर दोन भेटली. त्यातली एक ही आत आहे.” त्यांनी पुस्तक मिटून रावजींपुढं सरकवलं. “रावजी, पण शेवट गोड नाही हो. त्यावर साखर खायची आहे का त्यांना?”

रावजींनी कप तोंडाला लावला.

“म्हणत असाल तर कागदावर आठ ओळी लिहून देतो. पोरगं आणतो परत. माझंच आहे ते, मला कोण अडवणार?”

रावजींनी चहा संपेपर्यंत त्याचा विचार केला. हावसुद्धा सुटली. सुकन्याचा चेहरा त्यांच्या समोरून हलत नव्हता. पण तीस वर्षांत त्यांनी वाईट पत्रं कमी वाचली नव्हती, आणि त्यांतला एक शब्द कधी बदलला नव्हता. बदलला असता तर पुढच्या चांगल्या पत्रावर कुणी विश्वास ठेवला असता?

“नको,” ते म्हणाले. “छापलंय ते वाचतो.”

परतीच्या एसटीत मात्र त्यांना आपलाच राग आला. आठ ओळींचा कागद घेऊन ठेवायला काय जात होतं? पोरगं गेल्याचं ऐकून असल्या पोथीवर मी गोड खाणार नाही असं म्हातारी म्हणाली तर? शेळगाव आलं, अंथुर्णे आलं. पुस्तक मांडीवर होतं आणि ते त्यांनी उघडलं नाही.

शनिवारी दुपारी ओसरीवर बाया जमल्या. उद्याच्या जेवणाचे तांदूळ निवडायला घेतले होते, त्यामुळं सूपं हातात होतीच. आप्पा उंबऱ्यात उभा होता. त्याची बायको छबूबाई आणि सुकन्या चुलीपासून उठून आल्या. चौरंगावर हळदकुंकू झालं. रावजींनी पुस्तक उघडलं नाही. आधी हात जोडले आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं. सहावा भाग नाही, कधी नव्हताच, शेवट माझ्याच हातात होता आणि मी तो राखून ठेवला.

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

“म्हंजी पोथी तवाच संपलीवती?” सिंधुबाईंनी विचारलं.

“तवाच, आक्का.”

“वाचा मंग.”

रावजींनी पान उलटलं. आपला आवाज नेहमीपेक्षा खाली लागतोय हे त्यांना जाणवलं, पण तो वर घेता येईना.

“‘तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. ठकूनं मेंढरं पाण्यात घातली आणि पलीकडं काढली. दरड चढून वर आल्यावर तिनं ती मोजली. एक कमी भरलं. तिनं पुन्हा मोजली नाही. खाली वाळूत बिराची काठी रुतली होती. ती उपसून तिनं आपल्या काठीबरोबर खांद्यावर घेतली आणि वाडा गेला होता त्या वाटेला लागली. कुणी विचारलं तर काय सांगायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं. वाटेत कुणी विचारलं नाही.’”

सूपं थांबली होती. छबूबाईनं पदर तोंडाला लावला. सिंधुबाई चौरंगाकडं बघत होत्या.

“खाली काय लिवलंय?”

“समाप्त.”

“परत मोजाया पायजे हुती,” सिंधुबाई म्हणाल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “आप्पा, नारळ फोड. समाप्ती झाली.”

“आन् साखर, आये?”

“साखर उद्या. पयली पावण्यांच्या हातची.”

रविवारी मोरगावहून दोन जीपगाड्या आल्या. मांडवात सुकन्याची ओटी भरली, अंगठ्या झाल्या. द्वारकाबाईंनी साखरेचा पुडा फोडला आणि चिमूट घेऊन त्या आधी सिंधुबाईंपुढं आल्या. सिंधुबाईंनी तोंड उघडलं, साखर घेतली, आणि नव्या विहिणीच्या पाठीवरून हात फिरवला. आप्पानं सुटकेचा श्वास सोडला तो रावजींना चार हातांवरून ऐकू आला. सुकन्या खाली बघत होती, पण यावेळी ती हसू दाबत होती.

पंगती बसल्यावर रावजी सिंधुबाईंशेजारी जाऊन टेकले. म्हातारीच्या हातात साखर घातलेला दुधाचा चहा होता. दोन घोट झाले होते.

“आक्का,” रावजी म्हणाले, “माफी मागायला तोंड न्हाई मला. ती ओवी राखली नसती तर तुमची तीन वरसं अशी कोरडी गेली नसती.”

सिंधुबाईंनी कप खाली ठेवला.

“कशाची माफी?” त्या म्हणाल्या. “तुमी राखली म्हणून तीन वरसं पोरगं जितं हुतं.”

सिंधुबाईंनी डोळ्यांना पदर लावला, नाक पुसलं, आणि मोरगावकरांच्या पंगतीत बुंदी फिरली नाही म्हणून छबूबाईला हाक मारली.